सव्विसावा ओढा

डेल्बर्टने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ पडद्याला लावलं. छप्परच होतं ते. पत्र्याचं, लहानसं, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. उपग्रहाच्या मागच्या वर्षीच्या चित्रात तिथे नुसती झाडं होती.

"ओलेटा, हे बघ. कुणीतरी राहतंय इथे."

त्याची बायको शेगडीपाशी होती. ती आली, वाकली, तिने बघितलं. "शिकारी असतील," ती म्हणाली. "तिथवर रस्तासुद्धा नाही. गुडघा धरेल तुझा. आज राहू दे."

"चार वर्षं शोधतोय पोराला. आज कसं राहू देऊ?"

"सापडला तर काय करणार आहेस?"

"आधी दोन ऐकवीन. मग गाडीत घालून घरी आणीन."

तिने सँडविच कागदात गुंडाळलं, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि दोन्ही टेबलावर ठेवलं.

संगणक त्यांच्या मुलाचा, डस्टिनचा होता. घर सोडताना कपडे आणि गळाची काठी तो घेऊन गेला, हा मागे राहिला. चोवीस वर्षांचा धडधाकट माणूस आपल्या पायांनी गेला तर आम्ही शोधत नसतो, असं शेरीफच्या माणसाने सांगितलं होतं. मग डेल्बर्टने संगणक उघडला. नकाशावर पोराने एकतीस खुणा करून ठेवल्या होत्या. एकीलाही नाव नव्हतं.

त्याला त्यातलं काही कळेना. गळ विकणाऱ्या ग्रेडीने समजावलं. "सरकार ट्रकने आणून सोडतं ते ट्राउट मासे रस्त्याकडेला असतात. तुझा पोरगा त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्याला रानातले हवेत. तेव्हा रस्ता संपतो तिथून वर बघायचं. या रेषा दाटीने आल्या की समज चढ आहे. चढ म्हणजे थंड पाणी. आणि त्यातून ही निळी रेघ वर जाते ना, केसाएवढी? तिथे तो असणार."

जन्मात गळ न धरलेला डेल्बर्ट नकाशा वाचायला शिकला. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतले पंचवीस ओढे त्याने सवडीच्या शनिवारी पालथे घातले आणि एकेक खूण पुसत आणली. भेटेल त्याला सांगायचा, "बापाने एक ठेवून दिली म्हणून कुणी घर सोडतं का? माझ्या बापाने मला काय कमी मारलं?"

ते झालं होतं डेल्बर्टच्या लाकूड चिरायच्या सॉ मिलवर. माल पाठवायचा दिवस होता आणि पोरगा सकाळपासून ओढ्यावर. दुपारी परतला तेव्हा डेल्बर्टने सगळ्या कामगारांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. कानातून थोडं रक्त आलं.

जंगलखात्याच्या फाटकाशी गाडी ठेवून डेल्बर्ट चढायला लागला. एप्रिल उजाडला होता, पण झाडांवर अजून पान नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. ओढ्याच्या काठाने लॉरेलच्या झुडपांची जाळी इतकी दाट की मध्येमध्ये रांगावं लागलं. दोन तासांनी पत्र्याचं छप्पर दिसलं. आणि त्याच्या खाली, डोहाच्या काठाशी, डस्टिन.

दाढी वाढवली होती. तो गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या डाव्या हाताला दोन-अडीच वर्षांची पोरगी होती, लाल टोपीतली.

"आधी हात ओले कर," तो तिला सांगत होता. "कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग तो जगत नाही. हां, आता धर. दाबायचं नाही. सोड. बघ, गेला!"

डेल्बर्टने तोंड उघडलं. चार वर्षं घोकलेली वाक्यं जिभेवर होती. तेवढ्यात पोरगी वळली आणि तिने सरळ त्याच्याकडे बोट केलं.

"बाबा, माणूस."

डस्टिन पाण्याकडेच बघत राहिला.

"बाबा! माणूस!" ती त्याच्या खांद्याला टेकून ओरडली, अगदी कानात.

त्याला ऐकू गेलं नाही. पोरीला ते नवीन नसावं. ती त्याच्या पाठीमागून फिरून उजव्या कानाशी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

डस्टिन वळेपर्यंत डेल्बर्ट जाळीमागे चिखलात बसला होता.

"कुठे गं?"

"तिथे होता."

"हरीण असेल."

"हरीण नाई. माणूस!"

डस्टिन हसला आणि तिला खांद्यावर घेऊन वर निघाला. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत डेल्बर्ट तोंडावर हात दाबून तसाच बसून राहिला. ज्या हाताने मारलं होतं तोच हात.

संध्याकाळी तो घरी आला आणि ओल्या कपड्यांनीच संगणकापुढे बसला. त्याने सव्विसावी खूण पुसली. मग न पाहिलेल्या पाच ओढ्यांच्या खुणाही पुसल्या.

"नव्हता," तो म्हणाला. "शिकारीच होते. आता नाही जाणार मी. पुरे झालं."

ओलेटा त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या शनिवारांत तो पहिल्यांदाच पोराला शिव्या न देता घरात शिरला होता. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"आणि पोरगी?" तिने हळूच विचारलं. "कुणावर गेलीय?"