सातवी सही

अध्यक्षसाहेबांनी निवेदनातला ‘आठ’ खोडरबराने पुसला आणि पेन्सिलीने ‘नऊ’ लिहिलं.

“गेला वाटतं आणखी एक?” खजिनदाराने विचारलं.

“आत्ताच बातम्यांत सांगितलं. अतिदक्षता विभागात होता. म्हणून मी म्हणतो, आकडा शाईने लिहायचा नाही. मागल्या खेपेला तीनदा खाडाखोड झाली होती. वाईट दिसतं ते.”

निवेदन फायलीत तयारच असायचं. कुठेही काही घडलं की ते काढायचं आणि ठिकाण, तारीख, आकडा भरायचा. ‘भ्याड हल्ल्याचा तीव्र निषेध’ इथपासून ‘मारेकऱ्यांचा आमच्या धर्माशी काडीचाही संबंध नाही’ इथपर्यंत एकही अक्षर बदलावं लागत नसे. खाली मशीद कमिटीच्या सात सह्या. आज सकाळी अकराला स्टेशनाबाहेर स्फोट झाला आणि साडेअकराला फाईल टेबलावर आली होती. या तत्परतेचा अध्यक्षसाहेबांना अभिमान होता.

आता साडेचार वाजत आले होते. पाचला टीव्हीवाले पायऱ्यांवर येणार होते. सह्या झाल्या होत्या सहा. सातवी जागा कोरी होती, नेहमीसारखी.

“घड्याळवाला कुठे उलथलाय?” अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

“सकाळपासून फोन लावतोय, उचलत नाही. दुकानाला कुलूप आहे, वर ‘येतोच’ची पाटी,” खजिनदार म्हणाला. “घरी कोणाला विचारावं, तर बायको गेल्यापासून एकटाच राहतो.”

“येतोच म्हणे! गेली तीन निवेदनं तो येतोच आहे.”

सगळे हसले. घड्याळवाला हा कमिटीचा हसण्याचाच विषय होता. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी दिवसभर स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधून बघायची त्याला खोड होती. डाव्या हातात स्वतःचं, उजव्या हातात परक्याचं. लोकांच्या घड्याळांवर मिरवतो, असं अध्यक्षसाहेब चारचौघांत म्हणत.

आणि सही करायची नाही ही दुसरी खोड. मागच्या खेपेला त्याने भर बैठकीत विचारलं होतं, “साहेब, जे मी केलं नाही त्याचा खुलासा मी का द्यायचा? समोरच्या बेकरीवाल्याला कोणी विचारतं का, तुमच्यातल्या अमक्याने खून केला, तुम्ही निषेध केलात का म्हणून? जखमींना रक्त लागतं. ते मी देऊन येतो.”

“रक्त टीव्हीवर दिसतं का?” अध्यक्षसाहेबांनी फटकारलं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी मशिदीच्या खिडकीतून दगड आला. अध्यक्षसाहेबांच्या नातीच्या भुवईला चार टाके पडले. तेव्हापासून त्यांना भीती वाटायची. भीती कबूल करणं जमायचं नाही, म्हणून राग यायचा, आणि सगळा राग त्या कोऱ्या जागेवर निघायचा.

“आजही इस्पितळातच असेल,” इमामसाहेब हळूच म्हणाले. “रक्त द्यायला गेला असेल.”

“मग तिथेच राहू दे त्याला,” अध्यक्षसाहेब म्हणाले आणि सवयीने मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. त्यांचं घड्याळही त्या माणसाकडेच अडकलं होतं. काल दिलं तेव्हा त्यांनी बजावलं होतं, “पट्टाही बदल. तपकिरी घाल, चांगला. मला कॅमेऱ्यासमोर जावं लागतं.” त्यावर तो शहाणा म्हणाला होता, “तसा माझ्याकडे नाही, आणावा लागेल. पण उद्या देतो.” आणि उद्या उजाडल्यावर हा गायब.

पाचला टीव्हीची बाई आली. तिने सहाही जणांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि म्हणाली, “चेहरे जरा पडलेले ठेवा हं, काका.” अध्यक्षसाहेबांना ही टीव्हीवाल्यांची जात मनापासून नावडायची. पण चेहरा त्यांनी पाडला.

निवेदन वाचून झालं. बाईने माईक पुढे केला.

“कमिटी सात जणांची ना? सहाच दिसताय. सातव्यांना निषेध मान्य नाही का?”

अध्यक्षसाहेबांना खिडकीतला दगड आठवला. नातीची भुवई आठवली. फायलीत नसलेली वाक्यं त्यांच्या तोंडून भराभर बाहेर पडली.

“जो आज आमच्याबरोबर उभा नाही, तो कोणाबरोबर उभा आहे ते त्यालाच विचारा. कोपऱ्यावर त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही त्याला कमिटीतून काढलंय. असल्या माणसाशी आमचा काडीचाही संबंध नाही.”

बाईचे डोळे चमकले. “थेट प्रक्षेपण होतं, काका. छान बोललात.”

कसं ठणकावलं, अशा नजरेने अध्यक्षसाहेबांनी मागच्या पाच जणांकडे पाहिलं. इमामसाहेब तेवढे खाली बघत होते.

वायरी गुंडाळल्या जात असताना गर्दीतून वाट काढत एक पोलीस अधिकारी पायऱ्या चढून आला. अध्यक्षसाहेबांना बघून त्याने मोठा श्वास सोडला.

“तुम्ही धडधाकट आहात तर! आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवव्या माणसाची ओळखच पटत नव्हती. खिशात काही नाही, फोनचा चुरा झालेला. अंगावर वस्तू काय, तर दोन घड्याळं. एक डाव्या हातात, एक उजव्या. उजव्या हातातल्यावर तुमच्या कमिटीचं नाव निघालं, म्हणून धावत आलो.”

त्याने प्लास्टिकची पिशवी पुढे धरली. आत घड्याळ चालू होतं. मागच्या बाजूला कोरलेलं होतं, ‘अध्यक्ष, मशीद कमिटी यांस, शांततेसाठी केलेल्या सेवेबद्दल.’

पट्टा कोरा करकरीत होता, तपकिरी, कॅमेऱ्यासमोर उठून दिसेल असा.