सवतीचा टाक

औशाच्या किशनराव सोनारांनी मेलेल्या थोरल्या लेकीचा चेहरा पितळी ठशात स्वतःच्या हातानं कोरला अन् त्यावर चांदीचा पत्रा ठोकून टाक उठवला. थोरलीला, वर्षाला, सासरच्या विहिरीतून काढलं होतं. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले अन् बापानं मुकाट मान हलवली. आता धाकटी त्याच जावयाला द्यायची ठरली. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत.

"बघ गं पल्लवे, हुबेहूब आली न्हवं तुझी अक्का?"

"आली की." पल्लवीनं टाक गळ्यात अडकवला. "अण्णा, ठसा मोडू नका बरं."

"आता कशाला लागतोय तो?"

"माझ्यानंतर तिसरी येईल, तिला. आम्हा बहिणींचा तोंडवळा एकच हाय."