शांततेची तोंडी परीक्षा

“थांबा म्हणता, पण किती थांबायचं बाई?” प्राध्यापक राउनिओंनी हेल्काचा प्रबंध टेबलावर ठेवला, जरा जोरातच. सभागृह हसलं. हेल्का घोटभर पाणी प्यायली.

डॉक्टरेटची ही जाहीर परीक्षा. राउनिओ तुर्कू शहरातून इथे यिवास्किलाच्या विद्यापीठात आले होते ते प्रबंधाला विरोध करण्यासाठीच. तशी इथली रीतच. त्यांचा शेरा प्रतिकूल पडला, की हेल्काची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. ती वर्षं तिने विद्यापीठातल्या वर्गांत मागच्या बाकावर बसून काढली होती. तिचं म्हणणं साधं होतं. विद्यार्थी मुके नसतात. प्राध्यापक प्रश्न विचारतात, शांतता पसरते, ती त्यांना सोसवत नाही आणि उत्तरही तेच देऊन टाकतात. दहा श्वास थांबावं, हात वर येतो.

“फिनलंडची पोरं ती!” राउनिओ म्हणाले. “त्यांना दहा श्वास काय, दहा हिवाळे द्या. तोंड उघडतील तर शपथ! मी थांबत आलोय ना आयुष्यभर.”

“सर, आपण थांबतो असं सगळ्यांनाच वाटतं,” हेल्का पुटपुटली.

“असं? मग होऊनच जाऊ दे. एवढी मंडळी बसलीत. विचारा काहीतरी. एक हात वर आला तरी माझा शेरा अनुकूल. नाही आला, तर हा प्रबंध घरी न्या आणि पुन्हा लिहा.”

अध्यक्षस्थानी हेल्काच्या मार्गदर्शक इर्मेलीबाई होत्या. त्या अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. विरोधकाला सगळी मुभा होती.

हेल्का श्रोत्यांकडे वळली. “माझ्या संशोधनातलं काय तुम्हाला पटलं नाही?”

कोणी बोलेना. या देशात दोन मित्र तासभर शेजारी बसतात, चकार शब्द काढत नाहीत आणि छान गप्पा झाल्या म्हणत घरी जातात. सहकारी आपापले बूट न्याहाळू लागले. ‘अडलीस तर मी आहे’ असं सकाळीच म्हणालेला योर्मा खिडकीबाहेरचा बर्फ बघत होता. बाहेरून कॉफीचा वास आला. पहिल्या रांगेतल्या लेम्पीमावशी परीक्षेनंतरच्या कॉफी-केकसाठीच आल्या होत्या. त्यांचं लक्ष दाराकडे. हेल्काच्या जिभेवर चार वाक्यं आली. तिने ती गिळली. दहा श्वास केव्हाच होऊन गेले होते. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

राउनिओ खाकरले. त्यांनी चष्मा पुसला. गळ्यातला पांढरा बो-टाय सैल केला.

“आता, उदाहरणार्थ, कोणी असं विचारू शकेल,” ते म्हणाले, “की लाजाळू मुलांचं काय? तर त्याचं असं आहे...” आणि त्यांनी उत्तर दिलं. त्यातूनच दुसरा प्रश्न काढला. त्याचंही दिलं. तिसऱ्या प्रश्नाला तर ते हातवारे करू लागले. इर्मेलीबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक हात वर आला. लेम्पीमावशींचा.

“हेल्का, हे गृहस्थ आपल्या वर्गातही असंच करतात का गं?”