पाचवं माप
ईद उद्यावर आली होती. दस्तगीरचाचा अंगणात फितऱ्याचे गहू मोजत होते. घरातल्या दर माणसामागं एक माप गरिबाच्या झोळीत पडल्याशिवाय ईदच्या नमाजला जायचं नाही, हा बापजाद्यांपासूनचा शिरस्ता. चार मापं पोत्यात पडली. सवयीनं पाचवं भरलं, तसा चाचींनी हात धरला. "अवो, आता आपण चारच की." चाचांचा हात तसाच अधांतरी राहिला. थोरला पोरगा थंडीतच अपघातात गेला होता. भरलेलं माप परत डब्यात ओतायला मात्र त्यांचा हात धजेना. "फितरा चौघांचाच," ते शेवटी म्हणाले, "हा त्याच्या नावचा सदका, वरचं दान." आणि माप पोत्यात उपडं केलं. दुपारी फितरा न्यायला होटगी गावची म्हातारी आली. वर्षातून एकदाच यायची; तिला काहीच ठाऊक नव्हतं. पोतं हातानं तोलून म्हणाली, "तुमा पाची जणास्नी अल्ला सुखात ठेवो." दोघंही एकदमच म्हणाली, "आमीन."