खालच्या ओळी

"निवृत्त झालो ना बिर्टे, की रोज संध्याकाळी एक बघायचा," फडताळात देशोदेशीचे जुने चित्रपट रचताना आस्गर म्हणायचा. निवृत्ती आली, आणि तिच्या मागोमाग त्याच्या डोळ्यांतला उजेड गेला.

मग डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या त्यांच्या घरात त्याची बायको बिर्टे मेणबत्ती लावी, कॉफी ओती आणि पडद्यावर खाली उमटणाऱ्या डॅनिश ओळी त्याला मोठ्याने वाचून दाखवी.

"अगं, तुझा जपानी सरदार बंदरावरच्या मासेवालीसारखा भांडतो!"

"मग तूच वाच की!"

या हिवाळ्यात आस्गरच्या तपासण्यांबद्दल इस्पितळातून आलेला फोन तिने घेतला. "सगळं ठीक आहे म्हणाले," तिने त्याला सांगितलं. तेव्हापासून तिच्या वाचनात कुणी मरेनासं झालं. बुडालेला नावाडी काठाला लागे, आगगाडीने गेलेली बायको माघारी येई.

आज पडद्यावर एक मुलगा आईच्या थडग्यापाशी रडत होता, आणि बिर्टे वाचत होती, "चल आई, जेवण तयार आहे."

आस्गरने चाचपडत तिचा हात धरला. "ती आई मरते, बिर्टे. तरुणपणी फिल्म क्लबात हे सगळे पाहिलेत मी. तुझे शेवट जास्त गोड वाटले, म्हणून गप्प बसलो. पण आता माझा शेवट वाच. आहे तसा."



"वसंतात अंगणातला लायलॅक फुलेल," पडद्याकडे बघतच ती म्हणाली, "पण त्याचा वास तुला मिळायचा नाही रे, आस्गर."