थर्डच्या आधी

बाबा इंग्रजीचे निवृत्त मास्तर आणि मुलगी वर्षभर नोकरीच्या शोधात. मुलाखत ठरली तसे बाबा तिच्या मानगुटीवरच बसले. "फर्स्ट, सेकंड, थर्डच्या आधी 'द' लावायचा म्हणजे लावायचा! त्या 'द'पायीच तुझं घोडं अडलंय." आई म्हणाली, "अहो, पोरीला दोन घास तरी सुखाने खाऊ द्या." तर आईलाही 'द' लावून पाच वाक्यं म्हणावी लागली.

मुलाखतीहून मुलगी परतली ती पाय आपटतच.

"आत गेले आणि मोठे साहेब म्हणाले, 'यू आर थर्ड कँडिडेट टुडे.' माझ्या तोंडून सुटलं, 'द थर्ड, सर.'"

"मग?"

"मग काय! बाकीचे साहेब खाली बघून हसले. मोठ्या साहेबांनी माझी फाईल मिटली आणि पुढच्याला बोलावलं. हातातोंडाशी आलेली नोकरी गेली, बाबा! तुमच्यामुळे!"

आईने कपाळाला हात लावला. बाबा मात्र खुर्ची ओढून पुढे सरसावले.

"ते असू दे गं. पण साहेबांनी मग वाक्य सुधारून म्हटलं की नाही?"