काळी टिकली

फय्याज मिस्त्रीनं गाडी चालू केली तसं इंजिन खडखडायला लागलं. "भाभी, दुरुस्त करू का बदलू?" "बदलूनच टाका," रत्नमालेचा नवरा म्हणाला. "हिच्या चालवण्यानंच वाट लागली त्याची." तिचं डोकं तापलं. ती केनवडच्या शाळेपर्यंतच तर गाडी न्यायची; पाहुणे कोंबून पार लांबच्या पोहरादेवीपर्यंत त्यानंच हाणली होती. इंजिन बंद करायला ती आत वाकली, तर तिनं आरशावर जादाची लावून ठेवलेली काळी टिकली आता मीटरच्या काचेवर चिकटवलेली. तिनं नखानं खरवडताच खाली ऑइल संपल्याचा लाल दिवा दिसला. "हे कोनं लावलं?" "तो दिवा रस्ताभर डोयात खुपून राह्यला होता," नवरा पुटपुटला. "भाऊ, इंजन दुरुस्तच करा," ती फय्याजला म्हणाली. "चावी माह्यापाशी द्या." नवऱ्यानं पुन्हा तोंड उघडलं, तशी तिनं टिकली त्याच्या ओठांवर दाबून बसवली. "मले तुमचा आवाज कानात खुपून राह्यला."